विधिपदवीसाठी विद्यापीठाची निवड : काही विचारणीय निकष

पदवी परीक्षेचे निकाल लागले की कायद्याच्या शिक्षणाकडे वळू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांकडून 'कोणते विद्यापीठ सर्वांत चांगले?' हा प्रश्न विचारला जातो. मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, वाणिज्य इत्यादी विषयांत पदव्युत्तर अध्ययन करणारेही त्यांत असतात, आणि सल्ल्यासाठी ते प्रथम आपल्याच विभागातील अध्यापकांकडे येतात. प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु त्याची मांडणी सदोष आहे. भारतातील मान्यताप्राप्त विधिपदवी कोणत्याही विद्यापीठाची असली तरी वकिलीचा अधिकार ती सारखाच देते. यास्तव विद्यापीठाची निवड ही आता अधिकाराची निवड राहिलेली नाही. कोणत्या न्यायालयात, कोणत्या भाषेत आणि किती आर्थिक भार सोसून पुढे काम करावयाचे, याची ती निवड होय. ही गोष्ट ध्यानात न घेता केवळ नावलौकिकाच्या क्रमाने अर्ज केल्यास कुटुंबाची शिल्लक आणि विद्यार्थ्याची उमेदीची वर्षे या दोहोंचा अपव्यय होण्याचा संभव असतो. महाराष्ट्रातील विद्यार्थी डोळ्यांपुढे ठेवून या निवडीचे निकष पुढे क्रमाने मांडले आहेत.

१. अधिकारांची जुनी उतरंड

मुंबईत १८५५ मध्ये सर अर्स्किन पेरी यांच्या नावाने स्थापन झालेल्या अध्यासनाच्या निमित्ताने एल्फिन्स्टन संस्थेत कायद्याचे वर्ग सुरू झाले. आजच्या शासकीय विधि महाविद्यालयाचा तो आरंभ होय. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढे कायद्याची पदवी येथेच मिळू लागली. तथापि त्या काळी शिक्षण कोठे घेतले यावर वकिलाचा अधिकार अवलंबून असे. विलायतेस जाऊन तेथील 'इन्स'पैकी एकीतून बॅरिस्टर झालेला मनुष्य आणि मुंबईस एल्‌एल्‌. बी. होऊन वकील झालेला मनुष्य हे न्यायालयात समान मानले जात नसत. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेची दारे पहिल्यास सहज उघडत. दुसऱ्यास दीर्घ काळ अपील शाखेवर समाधान मानावे लागे. त्याखाली जिल्हा न्यायालयांत काम करणाऱ्या प्लीडरांचा आणखी एक वर्ग होता व त्याला पदवीऐवजी परीक्षा पुरत असे. लोकमान्य टिळक १८७९ मध्ये एल्‌एल्‌. बी. झाले; त्यांनी स्वतः वकिलीचा व्यवसाय पत्करला नाही, परंतु पुण्यात त्यांनी चालविलेला कायद्याचा वर्ग अशाच परीक्षांस बसणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी होता.

महात्मा गांधी १८८८ मध्ये इनर टेंपलमध्ये दाखल झाले व १८९१ मध्ये बॅरिस्टर झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ मध्ये ग्रेज इनमध्ये नाव नोंदविले आणि १९२२ मध्ये बॅरिस्टरची पदवी मिळविली. पुढे १९३५ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधि महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्या काळात विलायतेची वाट धरणे ही केवळ प्रतिष्ठेची हौस नव्हती, त्यामागे अधिकाराचा खरा भेद होता.

हा भेद १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने मिटविला. बॅरिस्टर, वकील, प्लीडर हे सारे वर्ग जाऊन 'अधिवक्ता' हा एकच वर्ग राहिला. ज्येष्ठ अधिवक्ता हा दर्जा त्यात आहे, पण तो पदवीवरून ठरत नाही; न्यायालय तो व्यक्तीच्या योग्यतेवरून देते. देशातील सर्व न्यायालयांत काम चालविण्याचा हक्क देणारे या अधिनियमाचे कलम ३० मात्र पन्नास वर्षांनी, १५ जून २०११ पासून अमलात आले. आज बेंगळुरूच्या राष्ट्रीय विधि विद्यालयाचा पदवीधर आणि लातूरच्या एखाद्या विधि महाविद्यालयाचा पदवीधर यांची सनद एकाच अधिनियमाखालील असते व तिने मिळणारा हक्कही एकच असतो. जुनी उतरंड कायद्यातून गेली. लोकांच्या मनातून मात्र ती गेलेली नाही. 'सर्वांत चांगले विद्यापीठ कोणते?' या प्रश्नात तिचाच अवशेष दिसतो.

२. मान्यता : पहिला व अपरिहार्य निकष

सर्व मान्यताप्राप्त पदव्या समान असल्या तरी सर्व पदव्या मान्यताप्राप्त असतातच असे नाही. विधिशिक्षणावर दुहेरी नियंत्रण आहे. पदवी विद्यापीठ देते. परंतु ती पदवी सनदेस पात्र आहे की नाही हे अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ७ अन्वये भारतीय विधिज्ञ परिषद, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली बार कौन्सिल ऑफ इंडिया, ठरविते. परिषदेने या अधिकारात केलेले विधिशिक्षण नियम २००८ पासून लागू आहेत. त्यांनुसार मान्यता विद्यापीठाच्या नावाला एकदाच मिळून कायमची राहत नाही. ती त्या त्या महाविद्यालयाच्या त्या त्या अभ्यासक्रमास, ठराविक तुकड्यांपुरती व ठराविक मुदतीपुरती असू शकते. एका तुकडीत साठांहून अधिक विद्यार्थी नसावेत, असा दंडक आहे.

विद्यापीठ नामांकित आहे, महाविद्यालयाची इमारत प्रशस्त आहे, पण चालू वर्षाच्या मान्यतेचे पत्र नाही, अशा ठिकाणी प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला पदवी मिळते आणि सनद मिळत नाही. ही आपत्ती तीन वा पाच वर्षांनंतर लक्षात येते. म्हणून अर्ज करण्यापूर्वी परिषदेने प्रसिद्ध केलेल्या यादीत महाविद्यालयाचे नाव, अभ्यासक्रमाचे नाव आणि मान्यतेची मुदत या तीन गोष्टी स्वतः पाहाव्यात. प्रवेशपुस्तिकेतील 'मान्यताप्राप्त' या शब्दावर विसंबू नये. ऑगस्ट २०२५ मध्ये परिषदेने नवीन विधि महाविद्यालयांना मान्यता देणे तीन वर्षांसाठी थांबविले आहे. त्यामुळे नव्याने काढलेल्या संस्थेच्या बाबतीत तर ही चौकशी अधिकच कसोशीने केली पाहिजे.

विद्यार्थ्याची स्वतःची पात्रताही याच नियमांनी ठरते. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमास पदवी परीक्षेत सर्वसाधारण गटासाठी ४५ टक्के, इतर मागास वर्गांसाठी ४२ टक्के व अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के गुण लागतात. आधीची पायरी न चढता थेट मुक्त विद्यापीठाची पदवी घेतलेला विद्यार्थी या नियमांनुसार पात्र ठरत नाही; मात्र बारावीनंतर रीतसर घेतलेली मुक्त विद्यापीठाची पदवी हा वेगळा विषय आहे. पत्रद्वारा मिळविलेली कायद्याची पदवी मात्र ज्ञानासाठी उपयोगी पडली तरी सनदेस चालत नाही.

पदवीनंतर राज्याच्या विधिज्ञ परिषदेत नाव नोंदवावे लागते. या नोंदणीसाठी निरनिराळी राज्ये हजारो रुपये आकारीत असत. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अधिनियमात लिहिलेल्या रकमेहून, म्हणजे सर्वसाधारण गटास ७५० व अनुसूचित जाती-जमातींस १२५ रुपयांहून, अधिक शुल्क घेता येणार नाही असा निर्णय दिला. याशिवाय अखिल भारतीय वकिली परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. ती घेण्याचा परिषदेचा अधिकार घटनापीठाने १० फेब्रुवारी २०२३ रोजी मान्य केला. ही परीक्षा सर्व विद्यापीठांच्या पदवीधरांना एकच असते. पदव्यांच्या समानतेचा हा आणखी एक पुरावा होय.

३. तीन वर्षे की पाच वर्षे

परंपरेने कायद्याचे शिक्षण हे पदवीनंतरचे शिक्षण होते. बारावीनंतर लगेच सुरू होणारा पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम परिषदेने १९८० नंतरच्या दशकात आणला आणि त्याचे प्रतिष्ठित रूप बेंगळुरूच्या राष्ट्रीय विधि विद्यालयात दिसले. त्याचा अधिनियम १९८६ चा, प्रो. एन. आर. माधव मेनन यांच्या नेतृत्वाखाली पहिली तुकडी १९८८ मध्ये दाखल झाली. त्यानंतर हैदराबाद, कोलकाता, जोधपूर, भोपाळ, गांधीनगर इत्यादी ठिकाणी अशी विद्यापीठे झाली. महाराष्ट्रात २०१४ च्या अधिनियमान्वये मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे तीन विद्यापीठे स्थापन झाली.

ज्याने पदवी घेतली आहे त्याला पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाचे आकर्षण वाटले तरी हिशेब मांडून पाहावा. त्याने खर्च केलेली तीन वर्षे त्यात हिशेबात धरली जात नाहीत. पाच वर्षांच्या पदवीने वाढीव अधिकारही मिळत नाही. उलट इतिहास वा अर्थशास्त्र पुरेशा खोलीने शिकून आलेला विद्यार्थी तीन वर्षांच्या वर्गात कायद्याचा अर्थ अधिक प्रौढपणे लावू शकतो. संविधान, जमीनधारणा, करपद्धती हे विषय कलमे पाठ करून समजत नाहीत. त्यांमागील सामाजिक व्यवहार माहीत असावा लागतो.

दोन्ही मार्गांच्या प्रवेशपरीक्षा मात्र वेगळ्या आहेत आणि येथेच अनेकांचा गोंधळ होतो. राष्ट्रीय विधि विद्यापीठांची 'क्लॅट' ही सामाईक परीक्षा २००८ मध्ये सुरू झाली. ती पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी आणि विधि-पारंगत म्हणजे एल्‌एल्‌. एम्‌. साठी असते. दिल्लीच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठाची 'आयलेट' परीक्षा निराळी. तीन वर्षांच्या पदवीसाठी महाराष्ट्रातील बहुतेक महाविद्यालयांचे प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या परीक्षेतून होतात. तिची प्रश्नपत्रिका मराठीतही उपलब्ध असते व चुकीच्या उत्तरास गुण वजा होत नाहीत. दिल्ली विद्यापीठाची १९२४ पासूनची विधिशाखा आणि बनारस हिंदू विद्यापीठ येथे पदव्युत्तर सामाईक प्रवेशपरीक्षेतून, म्हणजे 'सीयूईटी-पीजी'तून, प्रवेश मिळतो. बेंगळुरूच्या विद्यालयाने २०२२ पासून तीन वर्षांचा वर्ग काढला असून त्यासाठी 'एनएलसॅट' ही त्याची स्वतःची परीक्षा आहे. तीत लेखी उत्तरांनाही स्थान आहे. खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील विधिशाळा मुख्यतः अभियांत्रिकी व विज्ञानाच्या पदवीधरांसाठी आहे. एखाद्या राष्ट्रीय विधि विद्यापीठाने तीन वर्षांचा स्वतंत्र वर्ग काढला असल्यास त्याची रीत त्याच्याच पत्रकातून पाहावी. पदवीधराने वर्षभर क्लॅटची तयारी करावी आणि शेवटी तिचा आपल्याला उपयोग नाही असे कळावे, हा प्रसंग थोड्या चौकशीने टळतो.

४. न्यायालय आणि भाषा

मान्यता व पात्रता पाहिल्यानंतरचा निकष सर्वांत महत्त्वाचा असून त्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. तो म्हणजे पुढे काम कोठे करावयाचे. वकिली हा स्थानबद्ध व्यवसाय आहे. सनद देशभर चालत असली तरी अशील, ज्येष्ठ वकील, न्यायालयातील रीत आणि भाषा या गोष्टी एका ठिकाणी मुरल्याखेरीज हाती येत नाहीत.

संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार सर्वोच्च व उच्च न्यायालयांची भाषा इंग्रजी आहे. याउलट महाराष्ट्र शासनाने २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा व त्याखालील न्यायालयांची भाषा, काही अपवाद वगळून, मराठी ठरविली. म्हणजे त्याच राज्यातील वकिलाला खालच्या न्यायालयात दावा, कैफियत, उलटतपासणी मराठीत आणि त्याच प्रकरणाचे अपील वर गेल्यावर इंग्रजीत चालवावे लागते. सातबारा, फेरफार नोंदी, खरेदीखत, वाटणीपत्र, पंचनामा, पोलीस जबाब हे सारे कागद मराठीत असतात. त्यांचा नेमका अर्थ लावणे, त्यांतील एखाद्या शब्दावर बोट ठेवणे, हे कौशल्य केवळ इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून येत नाही. मराठी विषयात पदव्युत्तर अध्ययन केलेल्या विद्यार्थ्याकडे या बाबतीत मोठे भांडवल असते. त्याची उणीव सामान्यतः इंग्रजी निकालपत्रे वाचण्याच्या सवयीत असते. यास्तव त्याने अशा विद्यापीठाचा विचार करावा, जेथे दोन्ही भाषांचा सराव होईल. उत्तरपत्रिका मराठीत लिहिण्याची मुभा आहे काय, मसुदालेखनाचा सराव कोणत्या भाषेत करून घेतात आणि ग्रंथालयात निकालपत्रांचे इंग्रजी खंड किती आहेत, हे तिन्ही प्रश्न त्याने विचारले पाहिजेत.

न्यायालयांचा नकाशा बदलला की महाविद्यालयाचे महत्त्वही बदलते. मुंबई उच्च न्यायालयाची खंडपीठे नागपूर, छत्रपती संभाजीनगर व पणजी येथे आहेत. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर येथे फिरते खंडपीठ सुरू झाले असून कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. त्यापूर्वी या भागातील विद्यार्थ्याला उच्च न्यायालयाचे कामकाज पाहावयाचे तर मुंबई गाठावी लागे. आता कोल्हापुरात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला जिल्हा न्यायालय आणि उच्च न्यायालय एकाच शहरात पाहावयास मिळते. अनुक्रमणिकांत ही गोष्ट दिसणार नाही. पण तिचे मोल थोडे नाही.

गोव्याचे उदाहरण याहूनही बोलके आहे. विवाहोत्तर मालमत्ता व वारसा यांबाबत तेथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालत आली आहे आणि उत्तराधिकार व नोटरीच्या कामकाजासंबंधी गोव्याचा २०१२ चा स्वतंत्र अधिनियम आहे. पणजी वा मडगाव येथे वकिली करू इच्छिणाऱ्याने या कायद्याचे शिक्षण जेथे नीट मिळते अशी गोव्यातीलच महाविद्यालये प्रथम विचारात घ्यावीत. दूरच्या नामांकित विद्यापीठात हिंदू वारसा कायदा उत्तम शिकून आला तरी तेथील वाटणीच्या दाव्यात त्याला नव्याने आरंभ करावा लागेल.

न्यायसेवेत जाण्याची इच्छा असलेल्यांसाठी तर हा निकष आता अधिकच निर्णायक झाला आहे. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदाच्या प्रवेशासाठी तीन वर्षांच्या वकिलीची जुनी अट पुन्हा लागू केली. पदवी हाती येताच परीक्षेस बसावयाचे, हा मार्ग त्या निर्णयाने बंद झाला. मधली तीन वर्षे कोणाच्या हाताखाली व कोणत्या न्यायालयात घालवावयाची, हा प्रश्न त्यामुळे महाविद्यालय निवडतानाच उपस्थित होतो. महाराष्ट्रात या पदासाठी मराठीचे पुरेसे ज्ञान आवश्यक असते, हेही विसरता कामा नये.

५. क्रमवारीचे मोल

केंद्र शासनाच्या राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारीत विधिशिक्षणाचा स्वतंत्र गट २०१८ पासून आहे आणि २०१८ ते २०२५ या प्रत्येक वर्षी बेंगळुरूचे राष्ट्रीय विधि विद्यालय त्यात प्रथम आले. अध्यापन व साधने, संशोधन, पदवीधरांची प्रगती, सर्वसमावेशकता आणि लौकिक या पाच अंगांनी ही क्रमवारी होते. तिला काहीच अर्थ नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुंबई-दिल्लीतील मोठ्या विधिसंस्थांत वा उद्योगसमूहांत नोकरी करावयाची असेल तर संस्थेच्या नावाचा उपयोग होतो, कारण अशा संस्था नोकरभरतीसाठी मोजक्याच विद्यापीठांत जातात. संशोधन व अध्यापन यांकडे वळणाऱ्यासही समृद्ध ग्रंथालय आणि अभ्यासू सहाध्यायी यांचा लाभ होतो.

परंतु क्रमवारीच्या मर्यादा ध्यानी असाव्यात. भाग घेणाऱ्या व स्वतःहून माहिती देणाऱ्या संस्थांचीच ती तुलना असते. देशातील विधि महाविद्यालयांची संख्या दीड हजारांहून अधिक असताना यादीत त्यांचा अगदी लहानसा अंश येतो. यादीत नाव नाही म्हणजे शिक्षण वाईट, असे अनुमान त्यावरून निघत नाही. शिवाय एखाद्या महाविद्यालयाचे किती पदवीधर तालुका न्यायालयात स्वतंत्रपणे उभे राहिले, त्यांना पहिला मसुदा कोणी शिकविला, हे या मापनात सापडत नाही. क्रमवारी हे एका प्रकारच्या कामासाठी केलेले मोजमाप आहे. त्या प्रकारचे काम करावयाचे नसेल तर ते मोजमाप लागू पडत नाही.

६. शुल्क आणि व्यवसायस्वातंत्र्य

राष्ट्रीय विधि विद्यापीठांतील व अनेक खासगी विद्यापीठांतील एका वर्षाचा खर्च लाखांत मोजावा लागतो. मुंबईच्या शासकीय विधि महाविद्यालयाचे वार्षिक शुल्क हजारांत मोजता येते. अर्ज करण्याचाही खर्च आहे : क्लॅटचे आवेदनशुल्कच अलीकडच्या वर्षांत सर्वसाधारण गटासाठी चार हजार रुपये राहिले आहे. चार परीक्षांना अर्ज करणाऱ्याने प्रवासखर्च धरून हा हिशेब आधीच मांडलेला बरा.

शुल्काचा विचार सामान्यतः 'परवडते की नाही' एवढ्यावर थांबतो. वस्तुतः त्याचा परिणाम पदवीनंतर अधिक जाणवतो. वकिलीची पहिली वर्षे तुटपुंज्या मिळकतीची असतात. ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली काम करणाऱ्या नवोदितास मिळणारा मोबदला अनेकदा निवास व प्रवास यांनाही पुरत नाही. अशा वेळी डोक्यावर शैक्षणिक कर्जाचा हप्ता असेल, तर न्यायालयात उभे राहण्याची कितीही इच्छा असली तरी पगाराची नोकरी पत्करावी लागते. म्हणजे महागड्या पदवीने ज्या वाटा खुल्या होतील अशी अपेक्षा असते, त्यांपैकी एक वाट तिच्याच खर्चाने बंद होते. अल्प शुल्काच्या महाविद्यालयात शिकलेल्या पदवीधराला पहिली तीन-चार वर्षे कळ काढणे तुलनेने सोपे जाते. विशेषतः ज्या कुटुंबात यापूर्वी कोणी वकील झालेला नाही, ज्याला वडिलांचे कार्यालय वा अशील आयते मिळणार नाहीत, अशा विद्यार्थ्याने हा विचार सर्वांआधी करावा. शिष्यवृत्ती व शुल्कसवलत यांचा लाभ प्रवेशाच्या रीतीवर अवलंबून असू शकतो. व्यवस्थापनाच्या जागेवर प्रवेश घेतल्यास तो मिळेलच असे नाही. म्हणून ही चौकशी प्रवेशापूर्वी केली पाहिजे.

७. महाविद्यालयात काय पाहावे

वरील चाळणीतून उरलेली महाविद्यालये शक्य तर प्रत्यक्ष पाहावीत. पूर्णवेळ अध्यापक किती व तासिका पद्धतीने येणारे किती, हे विचारावे. व्यवसायातील वकिलांनी सकाळी शिकवावे व दुपारी न्यायालयात जावे, ही मुंबईची जुनी रीत वाईट नव्हती. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे भारतरत्न पां. वा. काणे हेही मुंबईच्या शासकीय विधि महाविद्यालयात काही वर्षे प्राध्यापक होते व त्यांची वकिलीही होती. दोष अर्धवेळ अध्यापनात नाही. वर्ग नियमित न होण्यात आहे.

परिषदेच्या नियमांनुसार मसुदालेखन, व्यावसायिक नीती, पर्यायी तंटानिवारण आणि अभिरूप न्यायालय हे चार प्रात्यक्षिक विषय सर्वत्र अनिवार्य आहेत. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे व पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे प्रत्यक्ष उमेदवारीही आवश्यक आहे. कागदावर हे सर्व ठिकाणी सारखेच दिसते. खरा भेद अंमलबजावणीत असतो. मागील वर्षीच्या विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेले मसुदे पाहावयास मिळाले, विधिसाहाय्य केंद्रात खरोखरच लोक येत असले, तर त्या महाविद्यालयाविषयी पुष्कळ काही कळते.

सध्या आणखी एक सोपी कसोटी उपलब्ध आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता व भारतीय साक्ष्य अधिनियम हे तीन नवे कायदे लागू झाले. त्या दिनांकापूर्वी घडलेल्या अपराधांस मात्र जुनी दंड संहिताच लागू राहते, त्यामुळे आजच्या वकिलाला दोन्ही माहीत असणे अवश्य आहे. ग्रंथालयात नव्या कायद्यांची पुस्तके आली आहेत काय आणि वर्गात जुन्या-नव्या कलमांची तुलना करून शिकविले जाते काय, एवढे विचारले तरी संस्थेच्या जागरूकतेचा अंदाज येतो.

८. अर्जांची मांडणी

या निकषांवरून अर्जांची यादी कशी करावी हे दोन कल्पित उदाहरणांनी स्पष्ट होईल. सांगली जिल्ह्यातील एक विद्यार्थिनी मराठीत एम. ए. झाली असून तिला न्यायसेवेत जावयाचे आहे, असे समजू. तिच्यासाठी राज्याची प्रवेशपरीक्षा हाच मुख्य मार्ग होय. पसंतीक्रमात कोल्हापूरचे शहाजी विधि महाविद्यालय, पुण्याचे १९२४ पासूनचे आय. एल. एस. विधि महाविद्यालय, मुंबईचे शासकीय विधि महाविद्यालय आणि घरानजीकचे एखादे मान्यताप्राप्त महाविद्यालय असा विचार तिने करावा. क्रम ठरविताना पुढील तीन वर्षांची वकिली कोठे करणे शक्य आहे हे पाहावे. तिने बेंगळुरूस अर्ज करू नये असे नाही. पण तेथे प्रवेश न मिळाल्यास आपले काही हुकले असे मानण्याचे कारण नाही. याउलट वाणिज्य शाखेच्या ज्या पदवीधरास मुंबईतील विधिसंस्थेत कंपनी कायद्याचे काम करावयाचे आहे, त्याने बेंगळुरू व दिल्लीच्या परीक्षा गांभीर्याने द्याव्यात आणि मुंबई-पुण्याची महाविद्यालये पर्याय म्हणून ठेवावीत. त्याच्या बाबतीत संस्थेच्या नावास व शहरातील उमेदवारीच्या संधीस खरे वजन आहे.

केंद्रीय प्रवेशप्रक्रियेत जागा गुणानुक्रम आणि पसंतीक्रम यांवरून मिळते. तेथे भीतीने कमी आवडीचे महाविद्यालय वर लिहिण्यात लाभ नसतो, कारण वर लिहिलेले न मिळाल्याने खालच्यावरील हक्क बुडत नाही. म्हणून क्रम खऱ्या पसंतीचा असावा आणि जेथे जाण्याची तयारीच नाही असे नाव यादीत घालू नये. पहिली पसंती मिळाल्यावर ती स्वीकारणे बंधनकारक आहे काय, हे त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत पाहून घ्यावे. स्वतंत्र परीक्षा घेणाऱ्या संस्थांना मात्र वेगळे अर्ज, वेगळे शुल्क व वेगळी तयारी लागते. त्या दोनतीनपेक्षा अधिक ठेवल्यास कोणत्याच परीक्षेची तयारी पुरी होत नाही.

सारांश, मान्यता ही पहिली चाळणी. ती अपवाद न करता लावावी. त्यानंतर कामाचे क्षेत्र, भाषा व खर्च यांचा विचार व्हावा आणि लौकिकाचा विचार त्यांच्या मागून यावा. कायद्याने सर्व पदव्यांना समान अधिकार दिला आहे. त्याचा खरा लाभ ज्यांना नामांकित विद्यापीठ गाठता येत नाही अशा विद्यार्थ्यांना आहे. तो त्यांना समजावून सांगणे हे विभागातील अध्यापकांचेही कर्तव्य होय. 'कोणते विद्यापीठ सर्वांत चांगले?' असे विचारीत येणाऱ्या विद्यार्थ्याला प्रथम 'तुम्हांला कोणत्या न्यायालयात उभे राहावयाचे आहे?' असे विचारले, तर त्याच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्याचे त्यालाच सापडेल.